दंड ठोठावला, पण वसूल किती झाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कामगार कायदे मोडणाऱ्या आस्थापनांना दंड झाल्याच्या बातम्या आपल्या पानांवर अधूनमधून येतात. आकडा मोठा असला की मथळाही मोठा असतो. तो दंड पुढे तिजोरीत जमा झाला का आणि ज्यांची मजुरी बुडवली त्यांच्या हाती काय पडलं, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. दंडाची बातमी देणाऱ्या प्रत्येक वार्ताहराने वर्षभराने पुन्हा त्याच कार्यालयात जाऊन वसुलीचा आकडा मागावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मी बरीच वर्षं पगार थकलेल्या कामगारांना अर्ज लिहून देतो. त्यातल्या एकाने कामावर येण्या-जाण्याची वेळ रोज एका वहीत पेन्सिलीने टिपून ठेवली होती. मालकाच्या हजेरीपटात मात्र महिनाभर एकाच शाईत, एकाच हाताने ‘आठ तास’ लिहिलेलं. ज्या रविवारी तो रात्री उशिरापर्यंत यंत्रावर उभा होता, त्या रविवारी हजेरीपटात साप्ताहिक सुट्टी! निरीक्षकाने वही आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि निकाल कामगाराच्या बाजूने लागला. पैसे मात्र मिळाले नाहीत. तोवर त्या कंपनीच्या नावावर काहीच उरलं नव्हतं. त्याच जागेत, त्याच यंत्रांवर, नातेवाइकाच्या नावाने दुसरी कंपनी सुरू झाली होती.

असं सगळीकडेच घडतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात २००८ ते २०११ या काळात बुडालेल्या मजुरीचे निकाल ज्यांच्या बाजूने लागले, त्या कामगारांचा अभ्यास झाला. शंभरातल्या ८३ जणांना एक पैसाही मिळाला नव्हता. त्या राज्याने २०१५ मध्ये कायदा केला. निकालाची रक्कम न देणाऱ्या मालकाच्या मालमत्तेवर आता बोजा चढवता येतो. अपिलाची मुदत संपल्यावर ३० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर हमीची रक्कम ठेवल्याशिवाय धंदा चालू ठेवता येत नाही. कंपनीच्या नावाआड लपलेल्या माणसाला व्यक्तिशः जबाबदार धरण्याची सोयही त्यात आहे. माझ्या मते वसुलीचं खरं हत्यार हेच आहे. ते हाती नसेल तर निकालपत्र नुसतं जपून ठेवायचं.

दंड किती असावा, हाही प्रश्न आहेच. न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली. बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. १४६ कामगार गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. मालक खटल्यातून निर्दोष सुटले. दोनच वर्षांनी त्यांच्यातल्या एकाने पुन्हा कामाच्या वेळात दाराला कुलूप लावलं, तेव्हा त्याला दंड झाला २० डॉलर. एवढी माणसं गेल्यावरही ज्याला कुलूप लावणंच परवडतं, त्याच्यासाठी दंड हा धंद्याचा एक किरकोळ खर्च होऊन बसतो.

ब्रिटनमध्ये किमान वेतन बुडवणाऱ्याला २०१६ पासून थकबाकीच्या दुप्पट दंड आहे. शिवाय थकबाकी आजच्या दराने चुकती करावी लागते. १४ दिवसांत सगळं भरलं तर दंड निम्मा होतो. मला ही रचना पटते, कारण तिच्यात लवकर भरण्यातच मालकाचा फायदा आहे. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं. अपील करा, स्थगिती मिळवा, तारखा घ्या, तोवर कामगार थकून दुसरीकडे कामाला लागतो.

छोटे मालक अशाने बुडतील, असं म्हटलं जातं. दंडाला हप्ते बांधून द्यायला माझी हरकत नाही. मजुरीला मात्र हप्ते नकोत, ते काम आधीच करून झालेलं आहे. मालमत्ता जप्त झाली तर सरकारच्या दंडाआधी कामगाराची थकबाकी फेडली पाहिजे.

तपासणीबद्दलही लिहायला हवं. निरीक्षक कधी येणार हे आधी कळलं की त्या दिवशी यंत्रांवर संरक्षक जाळ्या चढतात आणि हजेरीपट नव्याने लिहिले जातात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४७ च्या ८१ क्रमांकाच्या करारात निरीक्षकाला पूर्वसूचना न देता, दिवसा किंवा रात्री, कामाच्या ठिकाणी शिरण्याचा अधिकार दिला आहे. तपासणी तक्रारीवरून होते आहे हे मालकाला कळू द्यायचं नाही आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं, असंही त्यात आहे. तपासणीला आलेला माणूस ‘तुमच्याकडच्या अमक्याची तक्रार आहे’ म्हणत आत शिरला, की त्या अमक्याची नोकरी आठवडाभरही टिकत नाही आणि बाकीचे तोंड उघडत नाहीत. ज्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती, अशा लोकांना मी स्वतःच्या हाताने अर्ज मागे घेताना पाहिलं आहे. तक्रारदाराचं नाव फोडणाऱ्या निरीक्षकावर लगेच कारवाई झाली पाहिजे. त्याला ना नवा कायदा लागतो, ना जादा पैसा.

आपला,
एक नियमित वाचक