माळ घालण्याआधी वहिनींशी बोल

ता. चांदूर बाजार, जि. अमरावती

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बायकोनं नवऱ्याच्या धर्मानं चालावं असं बुवा सांगतात, म्हणून तू माळ घालणार, घरात मटण बंद करणार आणि सप्ताहाला पंचवीस हजार देणार. वहिनी नाही म्हणतात. गड्या, मला वहिनींचं पटतं.

कन्यादानाच्या वेळी भटजी नवरदेवाकडून 'नातिचरामि' तीनदा वदवून घेतात. धर्मात, पैशात आणि संसारसुखात हिला डावलणार नाही, असं हे वचन, आणि ते देतो नवरा. त्यात धर्म पहिला येतो! सत्यनारायणालाही बायको उजवीकडे बसून नवऱ्याच्या हाताला हात लावते, तेव्हा पूजा दोघांची होते.

बुवा संत बहिणाबाईंचे पतिसेवेचे अभंग सांगतात, ते खरेच आहेत. पण सतराव्या शतकातल्या या ब्राह्मण बाईनं नवऱ्याचा विरोध आणि मार सोसून कुणबी तुकोबांना गुरू मानलं, हेही त्यांनी सांगावं. महानुभाव पंथाचं रिद्धपूर तर आपल्या हाकेवर आहे. त्या पंथाच्या चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात बायांनाही संन्यास दिला.

आता करायचं काय? माळ, एकादशी, हरिपाठ तुझ्या देहापुरतं. ते तू एकट्यानं ठरव. चुलीचं तसं नाही. तू खाऊ नको, हवं तर तुझं पातेलं वेगळं ठेव, पण लेकरांच्या ताटातलं दोघांनी ठरवायचं. एकाचा नेम सगळ्या घरावर लादला की लेकरं बाहेर चोरून खातात आणि घरात खोटं बोलायला शिकतात.

पैशाचं जास्त जपून कर. घोळ होतो तो माईकवर. काल्याच्या कीर्तनात नावं पुकारली जातात, शेजाऱ्यानं अकरा हजार म्हटलं की आपल्या तोंडून पंचवीस निघतात, आणि चारचौघांत बोललेला आकडा मागे घेता येत नाही. म्हणून सप्ताह बसायच्या आधीच, बुवा आणि तुझी म्हातारी दोघंही समोर नसताना, वहिनींसोबत वही घेऊन बस. सोयाबीन-पऱ्हाटीचे आलेले पैसे लिही. त्यातून आधी पीककर्ज वजा कर. 31 मार्चच्या आत भरलं नाही तर व्याजाची सवलत जाते. मग कृषी केंद्राची उधारी, लेकरांची फी, पुढच्या पेरणीचं बी-खत. उरेल त्यातून दोघांना पटेल तो आकडा काढ आणि समितीला आधीच कळव, पावती दोघांच्या नावानं माग. काहीच उरलं नाही तर पंगतीत वाढायला जा, तीही सेवाच आहे.

वावर विकून किंवा गहाण टाकून दान करायला कोणी सांगितलं, तर तिथून सरळ उठून ये. उलट सातबाऱ्यावर वहिनींचं नाव चढव. त्यासाठीच्या लक्ष्मी मुक्ती योजनेचा अर्ज कसा करायचा ते तलाठ्याला विचार.

वहिनी काय म्हणाल्या, ते त्यांच्याच शब्दांत कळव.

तुझा मित्र