मंत्रीसाहेब, आमच्या केळीला लागलेलं ऊन तुमच्या कागदावर का नाही?

मा. मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य, यांना रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादक बाईचा नमस्कार.

साहेब, परवा मोबाईलवर एक मेसेज आला म्हणून हे पत्र. तुमच्या महसूल मंडळात (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात) जास्त तापमानाचा निकष पूर्ण झालेला नाही, सबब फळपीक विम्याची भरपाई देय नाही. बस्स, एवढंच. खाली ना कोणाचं नाव, ना फोन नंबर. मे महिन्यात एक मोठे अधिकारी आमच्या बांधावर उभे राहून, करपलेलं पान हातात धरून, फोटो काढून सांगून गेले होते की ताई काळजी करू नका, एकही शेतकरी सुटणार नाही. त्या शब्दावर आम्ही सोसायटीचं कर्ज नवंजुनं केलं, ठिबकच्या नळ्या उधारीवर बदलल्या, आणि आता तुम्ही म्हणता ऊनच पडलं नाही.

मग माझ्या बागेत काय पडलं ते ऐका. दुपारी केळीचं पान मधल्या शिरेपासून दोन्हीकडे खाली मिटतं, झाड आपलं पाणी वाचवतं, ते आम्हाला नवं नाही, ऊन उतरलं की परत उघडतं. या मे महिन्यात ते संध्याकाळीसुद्धा उघडत नव्हतं. आधी कडा पांढऱ्या झाल्या, मग तपकिरी, मग हात लावला की पापडासारखा चुरा. पश्चिमेकडच्या रांगांमधे घडाची उन्हाकडची बाजू काळी पडली, आतली बाजू हिरवीगार, आणि नंतर दांडा मऊ पडून भरलेले घड सटकून खाली यायला लागले. नऊ-दहा महिने लेकरासारखं सांभाळलेलं खोड आणि घड मातीत. आम्ही काही हात बांधून बसलो नव्हतो, गरम वारं अडवायला बांधाला शेवरी आहे, गजराज गवत आहे, घडांवर वाळकी पानं बांधली, हिरवी नेट आणली, पण दुपारी पाणी सोडायचं म्हटलं तर लाइट रात्रीची. व्यापारी आला त्याने डाग बघून बाजाराच्या जाहीर बोर्ड-भावाच्या निम्म्यानेसुद्धा माल धरला नाही, उरलेला गुरांपुढे टाकला.

आता हा निकष कसा चालतो तेही लोकांना कळू द्या. तापमान ठराविक अंशाच्या वर पाहिजे, तेही सलग ठराविक दिवस, आणि ठरलेल्या तारखांच्या आतच. मधल्या एका दिवशी पारा जरा खाली आला की सलग तुटलं, मोजणी परत पहिल्यापासून. केळीला काय माहीत सलग म्हणजे काय? ३८-४० च्या वर गेलं की तिची वाढ थांबते, पुढे प्रत्येक दिवस तिच्या अंगावर साचत जातो, मधे एक दिवस थोडा कमी तापला म्हणून जळालेलं पान हिरवं होत नाही. आणि हे मोजतं कोण, तर मंडळातलं एक स्वयंचलित केंद्र, आमच्या शेतापासून लांब, एका इमारतीच्या आडोशाला, मोठ्या झाडाच्या सावलीजवळ. मी स्वतः जाऊन बघून आले. त्या महिन्याचे रोजचे आकडे मागितले तर इकडचा म्हणतो तिकडे जा, तिकडचा म्हणतो पोर्टलवर बघा, पोर्टल उघडत नाही. जळगावजवळच्या ममुराबादच्या हवामान केंद्राचा आकडा पेपरात वेगळा, भुसावळचा वेगळा आणि आमचा मात्र कुठेच नाही. विम्याच्या हप्त्याचे पैसे आमच्या खात्यातून कापले जातात आणि आकडा आम्हालाच दाखवत नाहीत, हे कुठल्या कायद्यात बसतं?

लगेच तोंडावर मारतात की खान्देश पहिल्यापासूनच तापतो. हो तापतो. वर सातपुडा, खाली अजिंठ्याचे डोंगर, मधे तापीचं खोरं, काळी जमीन, समुद्र लांब आणि वायव्येकडून येणारं कोरडं वारं, हे आम्हाला शिकवू नका. ४५ बघितलंय, ४७ पण बघितलंय. पण पहिले हे ऊन मे महिन्याचं होतं, पाहुण्यासारखं यायचं आणि रोहिणी-मृगात जायचं. आता ते फेब्रुवारीत येऊन बसतं. हे मी मनाचं सांगत नाही, २०२५ चा फेब्रुवारी १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात गरम फेब्रुवारी होता, हवामान खात्यानेच सांगितलं. पारावरचे म्हातारे म्हणतात, "असं ऊन पयले नव्हतं भो," तर त्यांना कोणी पुरावा म्हणून धरत नाही.

तुमचे लोक सरासरी दाखवतात. २०२४ हे १९०१ पासूनचं देशातलं सगळ्यात गरम वर्ष, सरासरीपेक्षा ०.६५ अंशाने जास्त. शंभर वर्षांत वार्षिक तापमान ०.७ अंशाच्या आसपास वाढलं. एसीत बसून ऐकणाऱ्याला वाटतं पाऊण अंशाने काय होतंय. अहो पण वर्षाची सरासरी म्हणजे जानेवारीची पहाट आणि मेची दुपार एकत्र घोटून काढलेला आकडा. आमच्याकडे हिवाळ्यात पारा ८-९ वर आला की केळीला चिलिंग म्हणजे थंडीचा फटका लागतो आणि उन्हाळ्यात ४५ वर पान जळतं, दोन्हीची सरासरी काढली तर कागदावर केळीसाठी चांगलंच हवामान निघेल, जमिनीवर मात्र दोन्हीकडून मार. त्यात ही सरासरी १९९१ ते २०२० ची. त्याआधी १९८१ ते २०१० ची धरायचे. जगभर अशीच पद्धत आहे असं सांगतात, असेल, त्याला माझी ना नाही. पण तापलेली वर्षं सरासरीत शिरली की सरासरी वर सरकते, आणि मग पेपरात बातमी येते की तापमान सरासरीच्या जवळपास, आणि तेच कात्रण दाखवून आम्हाला ऑफिसमधून बाहेर काढतात.

आणि साहेब फक्त केळीचं नाही हो. आमचं जुनं धाब्याचं घर होतं, जाड मातीच्या भिंती, वर माती, दुपारी आत गार वाटायचं. पावसात गळतं म्हणून पाडलं, योजनेत बसून स्लॅब टाकला, आता तो स्लॅब रात्री बारापर्यंत अंगावर ऊन ओततो. पहिले अंगणात बाज टाकली की दहाला वारं सुटायचं, आता पहाटे तीनलाही कुलर गरम हवा फेकतो, तोही लाइट असली तर. याच मे महिन्यात सासूबाई दुपारी न्हाणीत चक्कर येऊन पडल्या, अंग तव्यासारखं, बोलणं अडखळत होतं. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं तर उष्माघात कक्षाची पाटी होती, आतला कुलर बंद होता आणि बर्फ आम्हीच रसवंतीवरून आणला. वाचल्या, पण अजून त्यांना घरातल्या माणसांची नावं लवकर आठवत नाहीत. त्यांचा पंचनामा कोण करणार? माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाया सकाळी साडेपाचला येतात, अकराला निघतात, म्हणजे मजुरी अर्धी. त्यांची नोंद कुठल्या मंडळात होते?

केंद्राच्या आपत्तीच्या यादीत थंडीची लाट आहे, गारपीट आहे, कीड आहे, हिमस्खलनसुद्धा आहे. उष्णतेची लाट नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाकडे राज्यांनी यादी वाढवून मागितली तर आहे ती पुरेशी आहे म्हणून सांगितलं. ठीक, पण राज्याला आपल्या आपत्ती निधीतला १० टक्के हिस्सा स्थानिक आपत्तीसाठी वापरता येतो, त्यातून केळीला आणि माणसाला काय दिलं ते सांगा. २०१४ ला राज्याचा हवामान बदलाचा कृती आराखडा झाला, तो कोणत्या कपाटात आहे? २०१९ ला ३३ कोटी झाडं लावणार होते, आमच्या रस्त्याकडेचे म्हातारे निंब तेवढे रुंदीकरणात गेले, त्या जागी एक झाड जगलेलं दाखवा. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी मेगा रिचार्ज योजनेचा मध्य प्रदेशाबरोबरचा करार १० मे २०२५ ला भोपाळला झाला, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले, आमच्या बोअरवेली मात्र दरवर्षी खोल चालल्यात. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा जाळून वीज आमच्या उरावर तयार होते आणि ऐन उन्हाच्या दुपारी आमचीच मोटर बंद. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा स्टेजवर सगळे होते, आता ती केळी जळताना कोणी नाही. कोणत्याही पक्षाचं सरकार असो, खुर्चीवर बसलं की आधी शेतकऱ्यावर संशय, मग समिती, मग निवडणूक.

मला भीक नको, बांधावर फोटो नको. आमच्या मंडळाचे मार्च ते जूनचे रोजचे कमाल-किमान आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, केंद्र कुठे बसवलंय ते गावासमोर तपासा, सलगची अट काढा आणि रात्रीचं तापमान पण धरा. ग्रामपंचायतीत हवामान केंद्र बसवणार म्हणून ऐकतोय, ते केळी पट्ट्यात आधी बसवा.

पुढच्या विम्याचं पोर्टल उघडलं की बँक हप्ता कापायला बसलेलीच आहे. त्याच्या आधी आकडे लेखी द्या. नाही दिले तर मी हप्ता कापू देणार नाही असं बँकेला अर्ज करून कळवणार आहे, आणि बचत गटातल्या ज्या बायांच्या नावावर सातबारा आहे त्यांनीही अर्ज लिहून तयार ठेवलेत.

आपली,
रावेर तालुक्यातली एक केळी उत्पादक