परदेशातला गुरांचा बाजार आणि आपला गोठा

मा. संपादक,
महोदय,

शेतकरी घरांतली मुलं-मुली स्वयंसेवक म्हणून केनिया, इथिओपियाला जातात. तिथला गुरांचा बाजार त्यांनी जरूर बघावा. घोटीच्या बाजारात डांगी बैल पारखायला शिकलेल्याला केनियातल्या गारिसाच्या बाजारात खूप शिकायला मिळेल. सोमालियाकडूनही तिथे गुरं येतात. पण ठिकठिकाणची जनावरं अशी एकत्र आली की लाळ्या-खुरकुताचं, म्हणजे गुरांच्या तोंडाला आणि खुरांना होणाऱ्या संसर्गजन्य रोगाचं, फावतं.

आपल्याकडे दर सहा महिन्यांनी टोचली जाणारी लस या रोगाच्या ओ, ए आणि एशिया-१ या तीन प्रकारांवर आहे. पूर्व आफ्रिकेत सॅट-१ आणि सॅट-२ हे प्रकारही फिरतात. एका प्रकारावरची लस दुसऱ्याला अडवत नाही. तो विषाणू इगतपुरी-सिन्नरच्या गोठ्यात शिरला, तर लस टोचलेल्या जनावरांनाही हा रोग होऊ शकतो.

बाजारात खरा धोका दात बघण्यात आहे. गिऱ्हाईक एका बैलाचा जबडा उघडतं, वय ओळखायला दोन दाती की चार दाती ते अंगठ्याने चाचपतं आणि लाळेने भरलेला तोच हात पुढच्या बैलाच्या तोंडात घालतं. पाहुण्याने दात लांबूनच बघावेत. हात लागलाच तर साबणाने चोळून धुवावा. या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा नाही. कच्चं दूध पिऊ नये, कापलेल्या जनावराच्या रक्ताला हात लावू नये.

पायात गमबूट घालावेत. खाचांच्या तळव्याचे खेळाचे बूट नकोत, त्यात शेण अडकून बसतं. परतण्याआधी बूट काडीने खरवडून, ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून स्वच्छ करावेत. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया जातं, कारण शेणाच्या थराखाली औषध पोचतच नाही. मग धुण्याच्या सोड्याचं द्रावण घ्यावं: लिटरभर पाण्यात कोरडी पूड असेल तर ४० ग्रॅम, खडे असतील तर १०० ग्रॅम. बूट त्यात १० मिनिटं ओले राहिले पाहिजेत. सोड्याने ॲल्युमिनियम खराब होतं. तशा वस्तूंना लिटरमागे २ ग्रॅम लिंबूसत्त्वाचं पाणी वापरावं. दोन्ही एकत्र कधीच करू नयेत, एकाने दुसऱ्याचा गुण मरतो. बूट उन्हात खडखडीत वाळवूनच बॅगेत भरावेत, कारण ओलसर, गार शेणात हा विषाणू कित्येक आठवडे टिकतो. कपडे गरम पाण्यात धुवावेत. मांस, चीज, कच्चं कातडं आणूच नये. विमानतळावरच्या जाहीरनाम्यात मांस आणि दुग्धजन्य पदार्थांबद्दल विचारतात, तिथे खरं तेच लिहावं.

घरी आल्यावर पाच दिवस गोठ्यात जाऊ नये. विषाणू माणसाच्या नाकात दिवस-दोन दिवस राहू शकतो, माणूस आजारी पडत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. आईवडिलांना हे आधीच फोनवर सांगून ठेवावं, नाहीतर मुलगा आला की पहिला गाईपाशी जातो.

मुलांना पाठवणाऱ्या महाविद्यालयांनी आणि संस्थांनी निघण्यापूर्वीच हे सगळं समजावून सोबत सोड्याची पुडी द्यावी, ही विनंती. मुलं घरी परतल्यानंतरच्या १४ दिवसांत गोठ्यात एखादं जनावर लाळ गाळू लागलं, लंगडू लागलं, तर १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि घरचं माणूस परदेशातल्या बाजारातून आलंय हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावं.

– एक पशुवैद्यक, नाशिक