निकाल कधी लागणार, हे विचारू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, ‘एवढे पुरावे असताना युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांना इतकी वर्षं कशी लागतात?’ असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. एक बातमीही आहे, ती शेवटी.

माणसं मारली गेली हे सिद्ध करणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड असतं ते कबरीपासून वरच्या खुर्चीपर्यंत पोचणं. ज्याच्या हुकमाने गोळ्या झाडल्या गेल्या, तो बहुतेक वेळा त्या जागी फिरकलेलाही नसतो. त्याला हे माहीत होतं का, थांबवणं त्याच्या हातात होतं का, नंतर त्याने कुणाला शिक्षा केली का, हे दाखवावं लागतं. असले हुकूम सहसा कोणी लिहून ठेवत नाही. मग डिझेलचा हिशेब, बसगाड्यांची मागणी, वायरलेसवरचं बोलणं असलं कंटाळवाणं वाचत बसायचं. माझा बराचसा दिवस यातच जातो!

बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाचंच घ्या. जुलै 1995 मध्ये तिथे 8,000 हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुढे मारणाऱ्यांनीच यंत्रं लावून कबरी उकरल्या आणि प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली. पण माती, काडतुसांच्या पुंगळ्या, डोळ्यांवर बांधलेली फडकी जुळवत तज्ज्ञांनी कोणती प्रेतं कुठून हलवली ते शोधलं. लपवण्याची ती धडपडच पुरावा ठरली. बोस्नियन सर्ब फौजेचा सेनापती म्लादिच सापडला 2011 मध्ये, जन्मठेप झाली 2017 मध्ये आणि अपील फेटाळलं गेलं 2021 मध्ये.

मोठे देश सुटतात, हा तुमचा टोमणा मात्र खोडता येत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला स्वतःचे पोलीस नाहीत. अमेरिका, रशिया, चीन आणि आपण, कोणीच सदस्य नाही. शिवाय हातात आलेला खटलाही निसटतो. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष बेम्बा 2016 मध्ये दोषी ठरले, 2018 मध्ये अपिलात सुटले. आरोपी सुटूच शकत नसेल तर ते न्यायालय कसलं, हे मला पटतं. साक्षीदारांना तसं सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढंच वाटतं.

आई, तू विचारतेस, हे सगळं ऐकून झोप लागते का. लागते. वर्णनांची सवय होते, हे कबूल करायला बरं वाटत नाही, पण होते. त्रास होतो तो उलटतपासणीत. पडद्याआड, बदललेल्या आवाजात, खऱ्या नावाऐवजी टोपणनावाने बाई बोलत असते आणि बचावाचा वकील विचारतो, तेव्हा साडेतीन वाजले होते की चार? त्याचं ते कामच आहे. मी त्या बाजूला असते तर मीही हेच विचारलं असतं.

आता बातमी. माझा करार वाढवला आहे आणि मी हो म्हटलंय. बढती नाही, पगार तोच. बाबा, घरी परतून वकिली केली असती तर एव्हाना नाव झालं असतं, असं तुम्ही म्हणालच, म्हणा. रजेच्या तारखा ठरल्या की कळवते. आईच्या डोळ्यांची तपासणी मात्र माझ्यासाठी अडवून ठेवू नका.

तुमची लेक