हरलेल्या बोलीचे पैसे

शार्लट, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू इतका खुशीत होतास की माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. पेनी ऑक्शनच्या, म्हणजे एकेका सेंटनं चढणाऱ्या इंटरनेटवरच्या लिलावाच्या साइटवर २५ डॉलरचं पेट्रोलचं कार्ड तुला १ डॉलर ४० सेंटला मिळालं, ते तू वहिनींच्या हातात दिलंस, आणि आता लॅपटॉपसाठी ३०० बिड्स, म्हणजे बोल्या, विकत घेऊन ठेवल्यास. "तूही ये रे, तुला आणलं तर मला आणखी बिड्स फुकट मिळतात," असं म्हणालास. मी नुसतं "बघू" म्हणालो. ते "बघू" दोन दिवस मला छळतंय. फोनवर मला नीट सांगता आलं नसतं, तूही मधेच तोडलं असतंस, म्हणून लिहायला बसलोय.

हा खेळ मी खेळलोय, बाळ्या. २०१० च्या नोव्हेंबरपासून पुढचे चार महिने. ११४० डॉलर गेले. तुझ्यापासून मी आजवर एवढी एकच गोष्ट लपवली.

शाळेत असताना बाबांचा डबा घेऊन आपण कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जायचो, आठवतं? गुळाचे सौदे चाललेले असायचे. ढेपांच्या थप्पीसमोर व्यापाऱ्यांचा घोळका, चढत जाणारी बोली, आणि सर्वांत वरची बोली ज्याची त्याचा माल. बाकीचे पुढच्या थप्पीकडे सरकायचे, त्यांचे पैसे त्यांच्याच खिशात. आईच्या लिलाव भिशीत तर ज्यानं तोटा सोसून भिशी उचलली त्याचा तोटा बाकीच्यांत वाटला जायचा, म्हणजे न उचलणाऱ्यालाच चार पैसे मिळायचे. लिलाव म्हटलं की आपल्या डोक्यात हे असतं. म्हणून त्या साइटवर लिलाव चाललाय हे पाहून आपल्याला भीती वाटत नाही.

पण तिथं बोली लावायलाच पैसे पडतात. मी खेळत होतो तिथं एक बिड ६० सेंटची होती. बटण दाबलं की वस्तूची किंमत एका सेंटनं वाढायची, लिलाव संपवणारं घड्याळ पुन्हा १५ सेकंदांवर यायचं आणि माझे ६० सेंट गेलेले असायचे. जिंकलो तरी गेले, हरलो तरी गेले. स्क्रीनवर मात्र तो एक सेंटच दिसायचा.

मला कॅमेरा हवा होता. मुलगा झाला होता, त्याचे फोटो घरी आई-बाबांना पाठवायचे होते. दुकानात ६०० डॉलरचा कॅमेरा तिथं शेवटी ३८ डॉलर १४ सेंटला गेला, दुसऱ्याच कुणाला तरी. "काय स्वस्तात नेला त्यानं," असं मी कितीतरी दिवस घोकत होतो. पुढं एकदा वहीत मांडून बघितलं. एकेक सेंट वाढत ३८.१४ पर्यंत जायला ३८१४ बिड्स लागतात. प्रत्येकी ६० सेंट धरले तर २२८८ डॉलर ४० सेंट, आणि वर जिंकणाऱ्यानं दिलेले ते ३८. काही बिड्स सवलतीतल्या असतील, थोडं कमी धर. तरी ६०० च्या वस्तूमागं साइटकडं २००० च्या वर जमले असणार. त्यात माझ्या ४१२ बिड्स होत्या, म्हणजे २४७ डॉलर.

४१२ पर्यंत मी कसा गेलो, ते तुला कळायला हवं. मी ५० वर थांबायचं ठरवून बसलो होतो. पन्नासावी बिड लावली तेव्हा माझे ३० डॉलर गेले होते. आता उठलो तर ते फुकट, आणि बसलो तर पुढच्या १५ सेकंदांत कॅमेरा माझा होईल, असं वाटलं. शंभरावर ६० डॉलर फुकट जाणार होते. जितके जास्त जात होते तितकं उठणं अवघड होत होतं. मार्टिन शुबिक नावाच्या अर्थतज्ज्ञानं १९७१ मध्ये हाच सापळा एका खेळातून दाखवला होता. एका डॉलरचा लिलाव करायचा, पण दुसऱ्या नंबरवर राहणाऱ्यानंही आपल्या बोलीचे पैसे भरायचे. मग एका डॉलरसाठी माणसं डॉलरहून जास्त बोलत जातात, कारण कुणालाच दुसरं राहायचं नसतं. या साइट्सवर तर नुसता दुसराच नव्हे, पन्नासावाही भरतो.

बर्कली विद्यापीठाच्या नेड ऑगेनब्लिक यांनी १,६६,००० अशा लिलावांची आकडेवारी तपासली. तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. साइटचा सरासरी नफा ५० टक्क्यांच्या वर होता, आणि त्यामागचं कारण त्यांनी हेच दिलंय: गेलेल्या पैशांपायी माणूस उठत नाही. सराव झालेले खेळाडू सुधारतात, पण फार हळू. ते वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. माझ्या त्या सगळ्या रात्री कुणीतरी बघितल्यासारखं वाटलं.

तुझं ते पेट्रोलचं कार्ड. रागावू नकोस, पण पुन्हा एकदा बघ, तो लिलाव फक्त नवीन लोकांसाठी होता का? अशा काही साइट्सवर आधी कधीच न जिंकलेल्यांचे वेगळे लिलाव असतात. तिथं मुरलेले खेळाडू येऊ शकत नाहीत, म्हणून पहिला विजय पटकन मिळतो. माझा पहिला विजय म्हणजे सुऱ्यांचा एक संच. त्या संचानं मला चार महिने तिथं बसवलं. मग मी बिड्स जिंकण्यासाठीच बिड्स लावायला लागलो, कारण तिथं बिड्सच्या पॅकचेही लिलाव असतात.

आपोआप बोली लावणारी सोय तुला दिसली असेलच. एका रात्री त्यात मी १५० बिड्स भरल्या आणि झोपलो. समोरच्या कुणीतरी तेच केलं असणार. सकाळी उठून पाहिलं तर ९० डॉलर संपलेले, आणि वस्तू तिसऱ्याच्या नावावर. समोर बोली लावणारं नाव खऱ्या माणसाचं की साइटनंच सोडलेल्या प्रोग्रॅमचं, हे ओळखायचा आपल्याकडं काही मार्ग नसतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०११ च्या ऑगस्टमध्ये या लिलावांबद्दल ग्राहकांना सावध केलं होतं. त्या सुमारास नुसती नोंदणी केली आणि कार्डावर बिड्सच्या पॅकचे पैसे पडले, अशा तक्रारी पुष्कळ होत्या. तुझं कार्डाचं स्टेटमेंट आज रात्रीच उघड.

"हरलो तर 'आता खरेदी करा' आहेच की," असंही तू म्हणालास. हो, गेलेल्या बिड्सचे पैसे किमतीतून वळते करून देतात. मीही ते बटण दाबायला गेलो होतो. तिथं त्याच कॅमेऱ्याची किंमत ६९९ लावली होती, म्हणजे दुकानापेक्षा ९९ जास्त. आणि बक्षिसात मिळालेल्या बिड्स त्यात धरत नव्हते. मी ते पान बंद केलं.

आता ज्यासाठी मला तुला आज लिहायचंच होतं, ते. मित्राला आणलं की बिड्स मिळतात, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. माझ्या घरापासून मोटारीनं तासाभरावर लेक्सिंग्टन नावाचं लहान गाव आहे. तिथल्या पॉल बर्क्स नावाच्या माणसाची झीकलर नावाची पेनी ऑक्शनची साइट होती आणि तिच्या जोडीला झीक रिवॉर्ड्स. लोकांनी बिड्स विकत घ्यायच्या, वाटायच्या, रोज एक जाहिरात इंटरनेटवर टाकायची, आणखी माणसं आणायची आणि लिलावाच्या नफ्यातला रोजचा वाटा घ्यायचा. प्रत्यक्षात वाटा जात होता तो नव्यानं आलेल्यांच्या पैशांतून. २०१२ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं ते बंद केलं तेव्हा ६० कोटी डॉलरचा घोटाळा निघाला, दहा लाखांच्या आसपास लोक अडकलेले. बर्क्सला इथल्याच, शार्लटच्या कोर्टात १४ वर्षं ८ महिन्यांची शिक्षा झाली, २०१७ मध्ये. आणि ज्यांनी टाकले त्यापेक्षा जास्त काढले होते, अशा हजारो लोकांवर ते पैसे परत करण्यासाठी दावा झाला. त्यांनी शेजाऱ्यांना, भावांना, चर्चमधल्या ओळखीच्यांना आणलं होतं. आमच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी मलाही गणपतीच्या जेवणात विचारलं होतं. मी आधीच पोळलेला, म्हणून वाचलो.

तुझी साइट तशीच आहे असं मी म्हणत नाही. जर्मनीतली स्वूपो ही या धंद्यातली सुरुवातीची मोठी साइट, २००५ पासून चाललेली. तिच्यात झीकसारखं काही नव्हतं. ती २०११ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पण तू मला आणशील, मी कुणाला आणेन, आणि हरलेल्याला आपण तोंड कसं दाखवायचं?

पैशांचं मी सावरलं. जे सावरता आलं नाही ते लिहितो. जानेवारीतली रात्र होती, दीड वाजला असेल. मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. बाळ रडायला लागलं. तुझ्या वहिनीला दोन रात्री झोप नव्हती, तेव्हा उठायची पाळी माझी होती. घड्याळ आठ सेकंदांवर होतं. मी म्हटलं, एवढी एक बिड. मग आणखी एक. ते रडत राहिलं, आणि शेवटी ती उठून आली. दारात उभी राहून तिनं आधी स्क्रीनकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. काही बोलली नाही. महिनाभरानं कार्डाचं बिल तिनं टेबलावर ठेवलं, तेव्हा मी सगळं सांगितलं.

म्हणून तुला हात जोडून विनवतो. उरलेल्या बिड्स आहेत तशाच राहू देत, परत मिळत नसतील तर सोड. कार्ड त्या साइटवरून काढून टाक. निघत नसेल तर बँकेला फोन करून नवीन कार्ड माग. आणि वहिनींना किती गेले तो खरा आकडा तूच सांग, त्यांना बिलावरून कळू देऊ नकोस. काही कमी पडत असेल तर मी आहे, त्यात लाजू नकोस. बुधवारी रात्री नऊला फोन करतो, तुझ्या डॅलसला तेव्हा आठ वाजलेले असतील.

कॅमेरा मी मार्चमध्ये दुकानातून घेतला. मुलाचे पहिल्या चार महिन्यांतले फोटो फोनवरचेच आहेत, अगदी धूसर. आईनं त्यातला एक मोठा करून कोल्हापूरच्या घरी लावलाय, तू पाहिला आहेस.

तुझा,
आप्पा