जुनी सायकल घेण्याआधी

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं. सेकंडहँड सायकल घेतोयस, बरं करतोयस. टायर, ब्रेक, गिअर तू माझ्यापेक्षा चांगले पारखशील. तू विचारलंयस ते वेगळंच: चोरीची निघाली तर?

पैसे मोजले म्हणून चोरीचा माल आपला होत नाही. विकणाऱ्याचीच नव्हती, तर तो तुला काय देणार? बऱ्याच ठिकाणी कायदा हेच मानतो. मूळ मालक उभा राहिला की सायकल त्याची, आणि तू आपल्या पैशांसाठी विकणाऱ्याला शोधत फिरायचं. तुला काहीच ठाऊक नव्हतं हे पोलिसांना पटवायचं ते आणखी वर.

म्हणून सायकल बघायला गेलास की चालवून बघण्याआधी ती उलटी कर. दोन्ही पायडलांचे दांडे फ्रेमच्या ज्या जाड नळकांड्यात बसतात, त्याच्या बुडाला बहुधा सायकलीची ओळख पटवणारा फ्रेम नंबर ठोकलेला असतो. तिथे ग्रीस आणि चिखलाचा थर असतो, तेव्हा ओलं फडकं जवळ ठेव आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धर, सरळ प्रकाशात आकडे नीट दिसत नाहीत. तिथे नसेल तर हँडलखालची नळी, सीटची नळी, मागचं चाक बसतं त्या खाचेजवळची जागा बघ. कार्बनच्या फ्रेमवर बहुतेकदा स्टिकर किंवा छोटी पट्टी असते. पार्ट्सवरचे आकडे मात्र फ्रेम नंबर समजू नकोस.

नंबर घासून काढला असेल तर बोट फिरवून कळतं. भोवतीचा रंग गुळगुळीत आणि मधेच एक सपाट, खरखरीत चट्टा, ओरखडे सगळे एकाच दिशेने. स्प्रे मारून सायकल नवी केली असेल तर स्क्रूच्या खाचांत आणि ब्रेकच्या वायरीवर रंगाचे कण सापडतील. आवडीने रंगवून घेणारा माणूस पार्ट्स सोडवून रंगवतो. घाईतला सोडवत नाही. नंबरच नाही म्हटलं तर सरळ परत फिर, त्याची कारणं ऐकत बसू नकोस.

नंबर मिळाला की चोरीच्या नोंदींत शोध. ‘बाइक इंडेक्स’ नावाची ना-नफा संस्था अशी नोंद ठेवते आणि तिथे शोधायला पैसे पडत नाहीत. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची गल्लत होते, म्हणून दोन्ही तऱ्हेने शोध. पण नोंद सापडली नाही म्हणजे सायकल स्वच्छ, असं मुळीच नाही. कितीतरी लोकांनी स्वतःच्या सायकलचा नंबर कधी पाहिलेलाच नसतो, ते तक्रारीत लिहिणार काय?

म्हणून माझा खरा भरवसा बोलण्यावर. जो सायकल चालवतो त्याला तिच्या खोडी माहीत असतात. मागचा टायर कधी बदलला, कुठला गिअर अडखळतो, सीट इतकी वर का, हे सहज विचार. सीट सहा फुटी माणसाची आणि विकणारा तुझ्याएवढा (रागावू नकोस), तर कोण चालवत होतं ते विचारायला हरकत नाही. भावाची असेल, बायकोची असेल. मग सायकलीसोबतचा जुना एखादा फोटो दाखव म्हणावं. खऱ्या मालकाकडे तो बहुधा निघतोच.

पावतीचं मी फार मनावर घेत नाही. भेट मिळालेल्या किंवा जुन्या सायकलीची पावती प्रामाणिक माणसाकडेही नसते, आणि फ्रेम नंबर नसलेली पावती कुठल्याही सायकलीला चालते. मात्र जाहिरातीत कंपनीचाच फोटो, भेटायला घर सोडून भलताच कोपरा, ‘आजच घ्या, रोखच द्या’ आणि भाव निम्म्याहून कमी, हे सगळं एकत्र आलं की मी जात नाही. इलेक्ट्रिक सायकल असेल तर चार्जर आणि बॅटरीच्या कुलपाची किल्ली माग. चोराच्या हाती या दोन गोष्टी सहसा लागत नाहीत.

व्यवहार ठरला तर साधा कागद कर: दोघांची नावं, तारीख, रक्कम, फ्रेम नंबर, सह्या. त्याचं ओळखपत्र बघ, पैसे बँकेतून दे. चोख माणूस याला नाही म्हणत नाही.

आणि संशय आलाच, तर तिथे वाद घालू नकोस, ‘विकत घेऊन मालकाला परत करतो’ असला शहाणपणाही नको. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, नंबर, जागा एवढं पोलिसांना कळव. आपण कोणावर आळ घेत नाही, ते बघतील.

बघायला जाताना मला बोलव, मी येईन. फडकं माझ्याकडे आहे.

तुझा,
मध्या