अंतिम वर्ष, लेखा व वित्त : प्रकल्प अहवालाच्या पहिल्या मसुद्याबाबत सूचना

अभ्यासगटाच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, प्रकल्प अहवालांच्या पहिल्या मसुद्यांचे परस्पर वाचन येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता विभागाच्या वाचनकक्षात होईल. प्रत्येकाने मसुद्याच्या दोन छापील प्रती आणि आकडेमोडीची एक्सेल फाइल सोबत आणावी. नुसती उत्तरे चिकटवलेली फाइल चालणार नाही, सूत्रे दिसली पाहिजेत.

त्यापूर्वी पुढील बाबी तपासून घ्याव्यात :

१. गुणोत्तरांची अनेक वर्षांची तुलना करणाऱ्यांनी भाडेपट्ट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आयएफआरएस १६ हे भाडेपट्ट्यांच्या लेखांकनाचे आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१९ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू झाले आणि भाडेपट्ट्याने घेतलेल्या बहुतेक मालमत्ता व त्यांची देणी ताळेबंदात येऊ लागली. त्यामुळे एखाद्या विमान कंपनीचे डेट-इक्विटी गुणोत्तर (कर्ज भागिले भागधारकांचा निधी) त्या वर्षी एकाएकी वाढलेले दिसले, तरी तिने नवे कर्ज काढलेच असेल असे नाही. हा खुलासा नसेल तर मेहनतीने काढलेला निष्कर्षही चुकतो, म्हणून तो तळटीपेत न ढकलता मुख्य मजकुरात लिहावा.

२. रोख प्रवाह विवरणपत्रात अप्रत्यक्ष पद्धतीने, म्हणजे नफ्यापासून सुरुवात करून रोख काढताना, घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी दाखवलेला खर्च) नफ्यात पुन्हा जोडला जातो, कारण तो रोखीने दिलेला खर्च नसतो. घसाऱ्यातून रोख रक्कम येते, असे कृपया कोणीही लिहू नये.

३. आकडे लेखापरीक्षित वार्षिक अहवालातूनच घ्यावेत व पृष्ठक्रमांक द्यावा.

ज्यांना शनिवारी येणे शक्य नाही, त्यांनी गुरुवारपर्यंत गटप्रमुखांना लेखी कळवावे, म्हणजे त्यांच्या मसुद्यासाठी वाचक नेमता येईल.